सहावी पोळी

१

शाळेतला पाणी तापवायचा बंब फुटला आणि मुलांना दुपारीच घरी सोडलं, म्हणून बेगायिमला त्या सहा पोळ्या दिसल्या. नाहीतर आणखी किती गुरुवार तसेच निघून गेले असते, कोण जाणे.

कारा-अर्चा गावात गुरुवारी घरोघर तेल तापतं. तेलाचा वास सुटला की गेलेली माणसं दाराशी येतात आणि त्या वासानेच त्यांचं पोट भरतं, असं मानतात. बेगायिमच्या मावशीच्या, उमसुनायच्या घरची रीत जरा मोजकी होती. घरातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाच्या नावाने एक जाड पोळी तळायची, तेलात सोडताना ते नाव घ्यायचं आणि दिवस मावळायच्या आत पोळ्या शेजाऱ्यांत वाटून टाकायच्या. या घरची मेलेली माणसं पाच. आजोबा, आजी, आजीची आई, उमसुनायचा नवरा आणि बेगायिमचे वडील. बेगायिमला ही यादी पाढ्यासारखी पाठ होती.

कापडावर पोळ्या होत्या सहा.

"ताय-एजे, सहा कशा गं?"

मावशीच्या हातातला झारा खाली पडला. "कणीक उरली होती," ती वळून न बघता म्हणाली आणि पोळ्यांवर घाईने फडकं ओढलं. "तू आत्ता कशी काय घरी? मास्तरांनी हाकलली की काय?"

"बंब फुटला."

"फुटणारच. सगळं फुटायलाच आलंय. जा, हात धू."

बेगायिम हात धुवायला गेली खरी, पण डोकं त्या सहाव्या पोळीपाशीच राहिलं. उमसुनाय चहाची पत्ती वाळवून दुसऱ्यांदा वापरणारी बाई. उरलेली कणीक ती ओल्या फडक्यात गुंडाळून सकाळसाठी ठेवत असे. चमचाभर तेल उगाच जाळणं तिच्या स्वभावात नव्हतं. शिवाय दारातून आत येताना बेगायिमने स्वतः पाहिलं होतं की शेवटची पोळी तेलात सोडताना मावशीचे ओठ हलत होते. उरलेल्या कणकेला कोणी नाव घेत नाही.

घरात नव्याने मेलेलं कोणी नव्हतं. घरातून गेलेलं मात्र एक माणूस होतं. बेगायिमची थोरली बहीण जिपार, वय वर्षं अठरा, गेले साडेपाच आठवडे अल्माटीला शिवणकामाच्या कारखान्यात होती. मावशी तरी तसंच सांगत होती.

२

या घरातल्या बायकांना गाव पुढून मान देई आणि मागून चेटकिणी म्हणे. शाळेत तर पोरं पुढूनच म्हणत. उमसुनायच्या हातात गुण होता. तिने तळवा ठेवला की तापलेलं पोर शांत झोपायचं. तो गुण आईकडून लेकीला, मावशीकडून भाचीला हात देऊन जात असे. उमसुनायला मूल नव्हतं. बेगायिमची आई झूरा मॉस्कोत एका दवाखान्याच्या फरश्या पुसत होती. म्हणजे वारस उरल्या या दोघी बहिणी.

जिपारला तो गुण नको होता. अंगात मात्र तो तिच्याच जास्त होता. पोट धरून लोळणारा घोडा तिने मानेवर हात ठेवला की उठून उभा राही. "मला माणसांचे आजार हातात घेऊन जगायचं नाही," ती म्हणायची. ती आजारी पडली की मावशी तेच ते सांगे: "नाही म्हणतेस ना, म्हणून तो गुण तुला आतून कुरतडतोय. हो म्हण, बरी होशील." बेगायिमच्या वाट्याला गुण आला तो जरासाच. दुखऱ्या जागेवर तळवा ठेवला की तिला खाजकुयली लागल्यासारखं टोचायचं. तिचा खरा जीव आकड्यांत होता.

म्हणूनच मावशीच्या खड्यांची ती वही ठेवत असे. कौल लावायचे खडे एकेचाळीस. डोळे मिटून त्यांचे तीन ढीग करायचे, प्रत्येक ढिगातून चार-चार खडे बाजूला काढत जायचं आणि शेवटी एक, दोन, तीन किंवा चार जेवढे उरतील तेवढे वरच्या ओळीत मांडायचे. पुढच्या ओळींचा अर्थ लावायला अक्कल लागते, पण वरच्या ओळीला नुसती बेरीज पुरते. खडे एकेचाळीस असतील तर ती बेरीज पाच येते, नाहीतर नऊ. तिसरं काही येऊच शकत नाही. हे बेगायिमने बाराव्या वर्षी शोधून काढलं तेव्हा मावशीने तिच्या पाठीवर थाप मारून म्हटलं होतं, "आणि एक जरी खडा कमी असला ना, तर कौल लावायचा नाही. तो कौल नसतो, खोटं असतं."

दर रविवारी झूराचा मॉस्कोहून फोन येई. जिपार गेल्यापासून तिचा थोरल्या बहिणीकडे एकच धोशा होता, "एजे, खडे टाक, माझी पोर कशी आहे बघ." मावशी फोनपुढे कापड पसरून खडे टाकी आणि म्हणे, "वाटेवर आहे. धडधाकट आहे." बेगायिम ओळी वहीत उतरवून घेई. मावशी बरं सांगतेय म्हटल्यावर तिने बेरजा केल्याच नव्हत्या.

त्या गुरुवारी तिने केल्या. पाच रविवारांचे पाच कौल. आठ, चार, आठ, आठ, बारा.

मावशी पोळ्या वाटायला गेल्यावर तिने खुंटीवरची थैली काढली आणि खडे चादरीवर ओतून दोनदा मोजले. चाळीस होते.

तीस वर्षं खडे हाताळणाऱ्या बाईला थैलीचं वजनसुद्धा कळतं. म्हणजे मावशीला ठाऊक होतं. चाळीस खडे टाकून, ते खोटं आहे हे माहीत असून, ती पाच आठवडे स्वतःच्या धाकट्या बहिणीला "धडधाकट आहे" म्हणून सांगत होती.

बेगायिमने थैली परत खुंटीला लावली. एकेचाळिसावा खडा कुठे होता?

३

गावाचा संशय एर्मेकवर होता. रस्त्याच्या कडेला पंक्चर काढायचं दुकान, वय पंचवीस, जिपारला दोनदा मागणी घालून दोनदा नकार खाल्लेला. त्यानेच तिला पळवली आणि सोडली असं काही म्हणत, त्याच्या धाकाने ती पळाली असं बाकीचे म्हणत. त्याने कुणालाच उत्तर दिलं नव्हतं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर बेगायिम त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"या चेटकीणबाई," तो टायरमधून मान वर न काढता म्हणाला. "काय करणी करायला आलात?"

"एर्मेक-बायके," ती थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाली, "जिपारला तुम्ही शेवटचं कधी पाहिलं?"

"का? पोलिसात नोकरी लागली?"

"माझी बहीण आहे ती."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "सोमवारी पाहिलं. तू गणिताच्या परीक्षेला जिल्ह्याला गेली होतीस ना, त्याच सोमवारी. तुमच्या दारात गाडी थांबवली होती मी. लगेच तोंड वाकडं करू नकोस, मागणी घालायला नव्हतो गेलो. तुझ्या मावशीच्या पिठाच्या गोण्या होत्या गाडीत."

"पण ती सोमवारी सकाळच्या गाडीने अल्माटीला गेली."

"कोण म्हणतं? मी दुपारी गेलो होतो. अंगणात बाकावर बसली होती. बसली कसली, वाकली होती. चेहरा पिठासारखा पांढरा आणि हात असा," त्याने स्वतःच्या पोटाच्या उजव्या बाजूला खाली हात दाबला. "पाय सरळ करता येत नव्हता तिला. मी म्हटलं, गाडीत घाला, तासाभरात जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचवतो. तर तुझी मावशी माझ्यावरच डाफरली. म्हणे, हे डॉक्टरांचं दुखणं नाही, आमच्या घराण्याचं आहे. मजारवर नेते, झऱ्याचं पाणी पाजते, रात्रभर दुवा मागते, उतरेल."

"आणि तुम्ही निघून आलात?"

"मी कोण तिचा?" तो एकदम ओरडला आणि मग आवाज उतरला. "दोन दिवसांनी ऐकलं, अल्माटीला गेली. वाटलं, बरी झाली आणि माझं तोंड बघायला नको म्हणून पळाली. मग विचारायला कोण जातंय? आब असतो माणसाला."

बेगायिमला वेगळंच आठवत होतं. त्या सोमवारी पहाटे निघताना तिने झोपेतल्या जिपारला मिठी मारली होती आणि तिच्या कुशीला लागलेला तळवा टोचला होता. थंडीने हात बधिर झाला असेल म्हणून तिने तो कोटाच्या खिशात घातला आणि गाडी पकडली. परीक्षेत ती दुसरी आली होती.

"काय झालं गं?" एर्मेकने विचारलं. "ती आहे ना अल्माटीत?"

ती पाठ फिरवून घराकडे चालू लागली.

४

शनिवारी सकाळी मावशी गोठ्यात असताना बेगायिमने घोड्यावर खोगीर चढवलं. मजार, म्हणजे जुन्या पीराचं थडगं, वरच्या घळीत, दोन तासांच्या वाटेवर. पहिला मोठा बर्फ पडून गेला होता आणि अर्चाची सदाहरित झाडं त्यातून काळी उभी होती. घोडा वाट विचारत नव्हता. मध्ये एका वळणावर ती झाडं बघायला थांबली, तर त्याने स्वतःच पुढचं पाऊल टाकलं. अलीकडे कोणीतरी त्याला इथे बरेचदा आणलं होतं.

मजारची राखण करणारा म्हातारा कालमुर्झा, सगळ्या पोरांचा अता म्हणजे आजोबा, चुलीवर भलंमोठं भांडं चढवून बसला होता. तिला पाहताच तो काठी टेकत उठला आणि दोन्ही हातांत तिचे हात घेतले.

"आलीस, बाळा? बरं झालं आलीस. चाळिसाव्या दिवसाच्या दुव्याला आपलं रक्ताचं माणूस हवंच. मावशी मागून येतेय का?"

बेगायिमने मनातल्या मनात मोजलं. ते तिच्या हातात नव्हतं, आकडे आपोआपच लागत गेले. आजचा शनिवार चाळिसावा. म्हणजे पहिला दिवस मंगळवार. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी ती हॉलमध्ये बसली होती तो मंगळवार.

"अता," ती म्हणाली, "मला दाखवा."

म्हाताऱ्याने तिला झऱ्याच्या वरच्या अंगाला नेलं. अर्चाच्या झाडाखाली एक कब्र होती, लांबीला जिपारएवढी. वरचा बर्फ कुणीतरी हाताने झाडला होता.

"तुझ्या आईला येता आलं नाही ना परदेशातून," कालमुर्झा म्हणत होता. "उमसुनाय म्हणाली, तिनेच फोनवर सांगितलं, इथेच ठेवा, पणजी दुवा मागायला यायची त्या मजारपाशी. मी जनाज्याची नमाज पढलो. माझ्या म्हातारीने आंघोळ घातली. पोरीची मूठ उघडेना, बाळा. उघडली तेव्हा हे निघालं. तुमच्या घरचं दिसलं म्हणून ठेवून दिलं मी. उमसुनायला कितीदा देऊ केलं, ती हातच लावत नाही."

त्याने कमरपट्ट्यातून चिंधी काढून सोडली. आत एक गुळगुळीत करडा खडा होता.

बेगायिम बर्फात खाली बसली आणि मोठ्याने रडली. किती वेळ ते तिला कळलं नाही. ती उठली तेव्हा खालच्या वळणावर एक बाई चालत वर येताना दिसली. पायी, छातीशी गाठोडं धरून.

५

उमसुनाय कब्रीपाशी पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. बेगायिमच्या उघड्या तळव्यावरचा खडा तिने पाहिला आणि होती तिथेच थांबली.

"कुलुनुम..." ती म्हणाली. लहानपणी दोघी बहिणींना ती हीच हाक मारायची, माझ्या शिंगरा.

"मला नको म्हणूस तसं. आधी मी सांगते, मग तू सांग," बेगायिम म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "जिपार सोमवारी सकाळी गेली म्हणालीस. दुपारी एर्मेकने तिला अंगणात पाहिलं. उजव्या बाजूला दुखत होतं, पाय सरळ होत नव्हता. तो दवाखान्यात न्यायला तयार होता. तू तिला घोड्यावर घालून इथे आणलंस, हातात खडा दिलास आणि दुवा मागत बसलीस. मंगळवारी ती गेली. कालमुर्झा-अतांना सांगितलंस, आईला कळवलंय. आईला सांगितलंस, अल्माटीला गेली. चाळीस खडे टाकून सांगितलंस, धडधाकट आहे. सगळ्यांशी खोटं बोललीस. फक्त मेलेल्यांशी खोटं बोलता आलं नाही तुला. तिची पोळी तळल्याशिवाय राहवलं नाही."

कालमुर्झाने काठी घट्ट धरली. "उमसुनाय? झूराला ठाऊक नाही?"

उमसुनायने गाठोडं सोडलं. आत एकच पोळी होती, फडक्यात गुंडाळलेली. ती तिने कब्रीच्या उशाशी ठेवली.

"दर गुरुवारी तळते," ती म्हणाली. "तू शाळेतून यायच्या आत वाटून टाकत होते. उपाशी कशी ठेवू गं तिला? बाकी सगळ्यांना वास पोचतो आणि माझी पोर दारात उभी, असं डोळ्यांपुढे येई."

"दवाखान्यात का नाही नेलंस?"

"मलाही असंच दुखलं होतं तिच्या वयाला. माझ्या आजीने मला इथेच आणलं. सकाळी उतरलं. वाटलं, तेच आहे." तिने पोळीवरचं फडकं नीट केलं. "पहाटे तिचं दुखणं एकदम थांबलं. ती हसली माझ्याकडे बघून. मी म्हटलं, बघ, गुणाने तुला धरलं. मग अंग तापत गेलं. मी हात ठेवला तर हाताला काही कळेचना. लाकडासारखा झाला होता. तेव्हापासून तसाच आहे."

"आईला का नाही सांगितलंस?"

"उद्या सांगेन म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला, हसत होती, म्हणाली जिपार कुठेय, तिला थंडीचा कोट पाठवतेय. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, अल्माटीला गेली. एकदा निघालं ते निघालं, बेगायिम. दर रविवारी वाटायचं, आज सांगू. ती म्हणायची, खडे टाक."

बेगायिमला मावशीचा राग आला होता, इतका की तिला तिथून ढकलून द्यावंसं वाटत होतं. आणि मावशीचे ते फाटके, ओले बूट बघून रडूही येत होतं. दोन्ही एकदम होत होतं आणि कुठलंच कमी होत नव्हतं.

"माझाही तळवा टोचला होता," ती शेवटी म्हणाली. "सोमवारी पहाटे. मी कोणाला बोलले नाही."

उमसुनायने तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"उद्या रविवार आहे," बेगायिम म्हणाली. "उद्या तू सांगायचंस. मी नाही सांगणार, अता नाही सांगणार. तू."

६

रविवारी दुपारी उमसुनायने परत तेल तापवलं. रविवारी या घरात कधी तेल तापत नसे. बेगायिमने विचारलं नाही. तिने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि शेजारी खड्यांची थैली ठेवली. आता तिच्यात एकेचाळीस होते.

फोन वाजला. झूरा दवाखान्याच्या जिन्याखाली बसून बोलत होती, डोक्याला निळा रुमाल, मागे बादली.

"एजे! बेगायिम! जेवलात का? अगं, जिपारचा फोन अजून बंदच. मी तो कोट घेऊन ठेवलाय, अल्माटीचा पत्ता तरी द्या. एजे, खडे टाक ना, बघ कशी आहे माझी पोर."

उमसुनायने थैलीला हात लावला आणि बाजूला सारली. तिने फोनचा पडदा बाहीने पुसला, मग पुन्हा पुसला. बेगायिम तिच्याकडे बघत बसून राहिली. मदत करायची नाही असं तिने ठरवलं होतं, आणि ते तिच्या वयाला फार जड जात होतं.

मग उमसुनायने फडकं काढलं आणि पोळ्या एक-एक करून फोनपुढे मांडायला घेतल्या.

"ही बाबांची," ती म्हणाली.

"हे काय गं?" झूरा हसली. "आज गुरुवार आहे का? तुमच्याकडे दिवस बदलले की काय?"

"ही आईची. ही आजीची. ही माझ्या नवऱ्याची. ही तुझ्या नवऱ्याची."

पाच पोळ्या ओळीने मांडून झाल्या. झूराही याच घरात वाढलेली. याच चुलीपाशी लहानपणी तिने नावं पाठ केली होती. तिचं हसू हळूहळू विरलं, कारण बहिणीच्या हातात अजून एक पोळी होती.

"एजे," ती म्हणाली. "ती कुणाची?"

उमसुनायने पोळी ओळीत ठेवली नाही. ती छातीशी धरली.

"एजे, तुला विचारतेय मी. ती सहावी कुणाची?"

"जिपारची," उमसुनाय म्हणाली.

मॉस्कोत जिन्याखाली बादली कलंडल्याचा आवाज आला. बेगायिमने फोन उचलला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला. आई किंचाळायची थांबेपर्यंत तिने तो खाली ठेवला नाही.